घ्राण, अभ्यास आणि विवेक

पंच ज्ञानेंद्रियांमध्ये घ्राणेंद्रियाला आपण फारसे महत्त्व देत नाही. दृष्टी गेली तर सर्वांना हळहळ वाटते, कान गेले तर संभाषण तुटते. परंतु एखाद्याला वास येईनासा झाला तर शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. श्रीमद्भगवद्गीतेची दृष्टी मात्र निराळी आहे. सातव्या अध्यायात, पृथ्वीच्या ठायी असलेला पवित्र गंध मीच आहे, असे भगवान अर्जुनाला सांगतात. पुढे पंधराव्या अध्यायात, जीव एक देह सोडून दुसऱ्या देहात जाताना मन व इंद्रिये बरोबर कशी नेतो हे समजावून देताना, वाऱ्याने गंध उचलून नेण्याचाच दृष्टांत त्यांनी घेतला आहे. ज्या विषयाला भगवंतांनी इतके मानाचे स्थान दिले, त्याचा विचार करणे हे गीताभ्यासकाला अप्रस्तुत वाटू नये.

मला हा विचार करावा लागला तो मात्र ग्रंथामुळे नव्हे, घरातील एका प्रसंगामुळे. २०२१ च्या एप्रिल महिन्यात दिल्लीत कोरोनाच्या साथीने केलेला कहर पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवसांत आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भगिनींना त्या रोगाने गाठले. आम्ही सर्व त्यांना अक्का म्हणतो. ईश्वरकृपेने ज्वर उतरला, अंगात शक्तीही आली. पण गंध गेला तो परत येईना. एकदा चुलीवरचे दूध उतू जाऊन करपले. साऱ्या घरभर वास सुटला, आणि अक्का ओट्यापाशीच उभ्या असून त्यांना त्याची जाणीव नव्हती. त्यानंतर काही दिवसांनी देवघरातून उठून येऊन त्या म्हणाल्या, "अरे, पन्नास वर्षे मी देवापुढे उदबत्ती लावते आहे. आता ती जळते आहे की विझली, हे डोळ्यांनी पाहावे लागते. चंदन उगाळते, ते चंदन की साधे लाकूड, नाकाला कळत नाही. ज्याचा मलाच गंध नाही, ते मी देवाला काय म्हणून वाहू?"

मला उत्तर सुचले नाही. उलट त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक कठीण प्रश्न दिसू लागला. नाकातील काही पेशींना इजा झाली आणि पूजेतील गोडी गेली. तर मग ती गोडी अक्कांची होती, की त्या पेशींची? बऱ्यावाईटाची पारख करणारी आपली बुद्धी हीदेखील जर मेंदूतील रसायनांचा खेळ असेल, तर विवेक, संयम, साधना या शब्दांना अर्थ तरी काय उरतो? आजच्या शास्त्राने गंधज्ञानाविषयी जे शोधून काढले आहे ते पाहिल्यावाचून या प्रश्नाला हात घालणे योग्य होणार नाही.

आपल्या तर्कशास्त्राने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला, त्याचे सुरभी व असुरभी असे दोन प्रकार केले, आणि नासिकेच्या अग्रभागी असलेले घ्राण हे त्याचे ग्राहक इंद्रिय ठरविले. आधुनिक शास्त्रज्ञ या ग्रहणाची यंत्रणा शोधीत आहेत. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व त्यांच्या शिष्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० नंतरच्या दशकात फळांवरील माशीच्या गंधज्ञानाचा आनुवंशिक दृष्टीने अभ्यास केला. पुढे १९९१ साली अमेरिकेत लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी गंधाचे कण पकडणाऱ्या ग्राहकांची जनुके शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार असतात, उंदरात सुमारे १,०००. एकेका गंधाला एकेक ग्राहक असतो असे मात्र नाही. एक गंध अनेक ग्राहकांना कमीअधिक चेतवितो, आणि त्या जुळणीवरून मेंदू गंध ओळखतो. मुळाक्षरे थोडी असूनही त्यांच्या जुळणीने शब्द अगणित होतात, तसाच हा प्रकार आहे.

नाकाच्या छतावरील ज्ञानपेशींचे धागे कपाळामागे, मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन लहान कंदांत जातात. त्यांना घ्राणकंद म्हणतात. गंधाची पहिली छाननी येथे होते, आणि येथून वार्ता मेंदूच्या इतर भागांत जाते. स्मृती व भावना यांची केंद्रे तेथून अगदी जवळ आहेत. म्हणूनच जुन्या पेटीतील कापराच्या एका वासाबरोबर वारलेल्या आजीची सारी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते.

आता या इंद्रियाच्या स्वभावाकडे वळू. घ्राणाच्या ठायी दोन परस्परविरुद्ध शक्ती आहेत. एक, सरावून जाण्याची. दुसरी, भेद ओळखण्याची. दिल्लीकरांना या दोहोंची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला खारी बावली ही मसाल्यांची जुनी घाऊक पेठ आहे. तेथे नवखा मनुष्य पाऊल टाकतो न टाकतो तोच मिरचीच्या खकाण्याने शिंकू लागतो; परंतु पाठीवर मिरचीचे पोते घेऊन जिना चढणारा हमाल शांत असतो. पूर्व दिल्लीत गाझीपूर येथे १९८४ पासून शहराचा कचरा टाकला गेला आणि त्याचा डोंगर झाला. २०१७ साली त्याचा एक भाग कोसळून माणसे दगावली. त्या बाजूने जाणारा प्रवासी नाकाला रुमाल लावतो. पण जवळच्या वस्तीत वाढलेले मूल त्याच हवेत खेळते आणि ती हवा कशी आहे हे त्याला सांगता येत नाही. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात इंद्रिय व मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतात. ही निसर्गाची काटकसर आहे. अशी सोय नसती तर नव्या धोक्याचा वास जुन्या वासांच्या गर्दीत हरवला असता.

दुसऱ्या शक्तीचे उदाहरण त्याच चांदणी चौकातील दरीबा कलाँ या गल्लीत सापडते. तेथे अत्तराचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कन्नौजला देग आणि भपका यांनी काढलेले गुलाबाचे, केवड्याचे, खसाचे आणि भाजल्या मातीचेही अत्तर तेथे मिळते. गिऱ्हाइकाला जे दोन गुलाब एकसारखे वाटतात, त्यांतला भेद जुना अत्तारी एका श्वासात सांगतो. हा अत्तारी निराळे नाक घेऊन जन्माला आलेला नसतो. हमाल आणि अत्तारी हे दोघेही दिवसभर उग्र वासांतच वावरतात. तरीही एकाच्या ठिकाणी गंध बोथट होतो आणि दुसऱ्याच्या ठिकाणी धारदार. सहवास दोघांनाही आहे. भेद आहे तो अवधानाचा. हमालाला गंधाकडे लक्ष देण्याचे कारण नाही. त्याने ते दिले तर ओझे वाहणे अशक्य होईल. अत्तारी मात्र प्रत्येक कुपी हुंगताना, हा त्याहून वेगळा कसा, हे स्वतःला विचारीत असतो, आणि त्याचे चरितार्थ व लौकिक त्या उत्तरावर अवलंबून असतात.

या अवधानाने मेंदूत काय घडते? विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की प्रौढ प्राण्याच्या मेंदूत नवी मज्जापेशी कधीही निर्माण होत नाही. जे आहे ते झिजत जाते, एवढेच. या समजुतीला १९६५ साली जोसेफ ऑल्टमन आणि त्यांचे भारतीय वंशाचे सहकारी गोपाल दास यांनी पहिला मोठा धक्का दिला. उंदराच्या मेंदूत जन्मानंतरही नव्या मज्जापेशी निर्माण होतात याचा पुरावा त्यांनी मांडला. पुढे ऑल्टमन यांनीच, अशा काही पेशी मेंदूतील पोकळीच्या भिंतीपाशी जन्मून लांबचा प्रवास करीत घ्राणकंदात पोचतात, हे १९६९ साली दाखविले. कित्येक वर्षे या शोधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज मात्र तो सर्वमान्य आहे. उंदराच्या घ्राणकंदात दररोज हजारो नव्या पेशी येतात आणि काही आठवड्यांत तेथील जाळ्यात रुजतात. परंतु आलेल्या सर्व रुजत नाहीत; सुमारे निम्म्या मरून जातात.

कोणत्या टिकतात आणि कोणत्या जातात? येथे आपल्या विषयाचा गाभा आहे. उंदराला दोन सारखे वास ओळखावयास शिकविले, एका वासाला पाणी मिळते व दुसऱ्याला मिळत नाही असा पाठ दिला, तर त्या काळात नव्या पेशी अधिक प्रमाणात टिकतात. फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांनी २००९ साली याच्या उलट बाजूचीही परीक्षा केली. त्यांनी नव्या पेशींची उत्पत्तीच थांबविली. तेव्हा सरावाने सूक्ष्म भेद ओळखण्याची जी शक्ती वाढावयास हवी होती, ती वाढली नाही. या घडामोडीत मेंदूतील काही रसायनांचा हात असतो. मन सावध झाले, काही नवे किंवा महत्त्वाचे समोर आले, की मेंदूच्या खोल भागातील एका लहानशा पुंजातून नॉरॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य सर्वत्र पाझरते. घ्राणकंदातही ते पोचते. हे द्रव्य तेथे पोचले नाही तर नव्या पेशींचे टिकणे आणि वासाचे शिकणे या दोहोंतही खंड पडतो. ॲसिटिलकोलिन नावाचे दुसरे द्रव्य जवळजवळच्या वासांतील भेद स्पष्ट करण्यास साहाय्य करते. साध्या भाषेत सांगावयाचे तर, नवी पेशी हे बीज आहे, पाठ ही पेरणी आहे, आणि अवधानाचे रसायन हे पाणी आहे. पाणी न मिळालेले बीज सुकून जाते.

आणखी एक गोष्ट तर विशेष मननीय आहे. घ्राणकंदात येणाऱ्या या नव्या पेशी बहुतेक कोणत्या जातीच्या असतात? त्या वार्ता पुढे धाडणाऱ्या पेशी नव्हेत; त्या आवर घालणाऱ्या पेशी असतात. गाबा नावाच्या द्रव्याच्या योगे त्या मुख्य पेशींची बेसुमार चेतना दडपतात. आपण त्यांना सोयीसाठी निग्रहपेशी म्हणू. दोन सारखे गंध आले म्हणजे मुख्य पेशी दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच गलका करतात. निग्रहपेशी त्यातील समान गलका शांत करतात, आणि मग उरलेला लहानसा भेद ऐकू येतो. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे निक्सन अब्राहम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निग्रहाचे प्रमाण उंदरात कमीजास्त करून पाहिले आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. निग्रह वाढविला तेव्हा सारख्या गंधांतील भेद उंदरांना लवकर कळला, आणि घटविला तेव्हा अधिक वेळ लागला. जे गंध मुळातच अगदी भिन्न होते त्यांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही. अब्राहम पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले आणि हेच कार्य तेथे चालू आहे.

हे वाचताना गीतेच्या वाचकाला दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांची आठवण होणे साहजिक आहे. विषयांचे चिंतन करणाऱ्याची आसक्तीपासून बुद्धिनाशापर्यंत कशी घसरण होते, आणि इंद्रिये ज्याच्या स्वाधीन आहेत त्याची बुद्धी कशी स्थिर राहते, हे तेथे सांगितले आहे. निग्रह हा ज्ञानाचा शत्रू आहे, इंद्रियांना मोकळे सोडल्यानेच जीवनाची ओळख होते, असे आज पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. शरीराची रचना मात्र सूक्ष्म ज्ञानासाठी आवर घालणाऱ्या पेशींचीच भरती करते. स्थूल भेद कोणालाही कळतो. चोरी आणि दान यांतील भेद सांगावयास साधना लागत नाही. काटकसर आणि कंजूषपणा, स्पष्टोक्ती आणि कठोरता, प्रेम आणि मोह, हे गंध एकमेकांच्या फार जवळचे आहेत. तेथेच निग्रह उपयोगी पडतो. अर्थात हा दृष्टांत आहे, प्रमाण नव्हे. उंदराच्या घ्राणकंदावरून गीतेची सिद्धी होत नाही, आणि गीतेला तशा सिद्धीची गरजही नाही.

येथे पूर्वपक्ष असा येईल: "तुम्हीच सांगता की नवी पेशी आली, रसायन पाझरले आणि भेद कळला. पेशी थांबविली की भेद कळणे थांबले. मग विवेक करणारा कोणी निराळा मानण्याचे कारण काय? सर्व काही रसायनच आहे, असे सरळ म्हणावे."

या आक्षेपाची टर उडवून चालणार नाही. त्यातील पहिला भाग खरा आहे, आणि तो गीतेला अमान्यही नाही. तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे, आणि त्या क्षेत्रात केवळ हाडामांसाचा समावेश केलेला नाही; इंद्रिये, मन, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख ही सर्व क्षेत्रातच घातली आहेत. बुद्धी हीदेखील प्रकृतीचे कार्य आहे हे ज्याने एकदा स्वीकारले, त्याला बुद्धीच्या व्यापारात रसायने सापडली म्हणून दचकण्याचे कारण नाही. शेतात माती, पाणी आणि खत सापडावयाचेच. परंतु शेताची माती तपासून शेतकरी नाही असे ठरत नाही. ज्याला गंध कळतो, गंध गेल्याचे कळते, आणि गंध गेल्याचे दुःखही ज्याला कळते, तो क्षेत्रज्ञ कोणत्याही तपासणीत वस्तू म्हणून सापडणार नाही. कारण प्रत्येक तपासणी त्याच्याच प्रकाशात होत असते.

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या सहाव्या प्रकरणात याच क्षेत्रक्षेत्रज्ञ विचाराच्या ओघात एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला आहे. सदसद्विवेक ही अंतःकरणात बसलेली कोणी स्वतंत्र देवता आहे, ती आयती खरे काय ते सांगते, हे पाश्चात्य मत त्यांनी खोडून काढले. इतर सर्व बाबतींत सारासार निवडणारी जी निश्चयात्मक बुद्धी, तीच धर्माधर्माचीही निवड करते. म्हणून ती शुद्ध करावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गंधाचे उदाहरण या मताला किती जुळते पाहा. अत्तारीच्या नाकात कोणी देवता बसलेली नसते; त्याची पारख अभ्यासाने आलेली असते. तशीच सज्जनाची पारखही. ती आयती मिळत नाही, आणि एकदा आली म्हणून कायमची टिकतही नाही.

क्षेत्र अभ्यासाने बदलते, याचे पुरावे दिल्लीच्या आसपासही मिळाले आहेत. अरवलीच्या टेकड्यांलगत मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. २००३ च्या डिसेंबरात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांच्या मेंदूत, हाताचा स्पर्श जाणणारा भाग पुढे हनुवटीच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो, आणि या फेरबदलाचे मूळ मेंदूच्या देठात असते, असे तेथील नीरज जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले. इजेसारख्या अनिच्छेच्या कारणाने क्षेत्र बदलते. मग इच्छेने केलेल्या साधनेने का बदलू नये? त्याचीही परीक्षा दिल्लीतच झाली आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंह यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युल्लहरी नोंदवून १९६१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. एरवी बाहेरच्या प्रखर प्रकाशाने, मोठ्या आवाजाने किंवा तप्त नळीच्या स्पर्शाने ज्यांच्या मेंदूतील शांत लहरी मोडत, त्याच योग्यांच्या लहरी समाधीच्या वेळी त्याच आघातांनी मोडल्या नाहीत. तो प्रयोग गंधाचा नव्हता. परंतु कासवाने अवयव आवरून घ्यावे तशी इंद्रिये आवरण्याची जी गोष्ट गीता सांगते, ती केवळ काव्य नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

तथापि केवळ तीक्ष्ण पारख म्हणजे विवेक नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिकागो येथे २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असा आहे: एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असावीत अशी रचना असलेल्या दोन द्रव्यांचे वास माणसांना हुंगावयास दिले. त्यांना भेद कळेना. मग त्यांतील एका वासाबरोबर हलकासा विजेचा धक्का देण्यात आला. काही वेळातच तीच माणसे त्या दोन वासांतला भेद ओळखू लागली. याचा अर्थ, भीतीदेखील इंद्रियाला धार लावते. लोभही लावतो, अत्तरात भेसळ करणाऱ्याचे नाक अत्तारीच्या नाकाहून कमी तयार नसते. म्हणून अठराव्या अध्यायात बुद्धीचे तीन प्रकार सांगताना भगवंतांनी तिच्या तीक्ष्णपणाचे माप घेतलेले नाही. प्रवृत्ती व निवृत्ती, कार्य व अकार्य, बंध व मोक्ष यांना जी यथार्थ जाणते ती सात्त्विक. आणि अधर्मालाच धर्म समजते ती तामस. धार कशासाठी लावली, हा प्रश्न धारेच्या आधी येतो. मेंदू तो प्रश्न विचारीत नाही. आपण ज्याकडे वारंवार लक्ष देऊ, ज्याला मोल देऊ, त्यात तो निमूटपणे आपल्याला तरबेज करून सोडतो. हे त्याचे आज्ञाधारकपण फार भयंकर आहे. दुसऱ्याचे दोष रोज हुंगणारा त्यातच प्रवीण होतो. म्हणून शास्त्राच्या या शोधाने आपली जबाबदारी हलकी झालेली नसून वाढली आहे.

कोणी असेही म्हणेल की उंदराचे ठीक आहे, मनुष्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रांजळपणे दिले पाहिजे. गेल्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुस्फोटांनी वातावरणात जो विशिष्ट कार्बन मिसळला, त्याच्या खुणेवरून स्वीडनमधील संशोधकांनी मानवी घ्राणकंदातील मज्जापेशींचे वय काढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार प्रौढ मनुष्याच्या घ्राणकंदात नव्या मज्जापेशी जवळजवळ येतच नाहीत. अर्भकावस्थेनंतर तो ओघ आटतो. स्मृतीच्या केंद्रात त्या येतात की नाही, यावर विद्वानांत अद्याप वाद आहे. तरीही नाकातील ज्ञानपेशी आयुष्यभर झडून नव्याने येत असतात, आणि असलेल्या पेशींमधील जोडण्या अभ्यासाने बदलतात. उंदराला निसर्ग नवे मजूर पुरवितो. मनुष्याला बहुतांशी असलेल्या मजुरांनाच नवे काम शिकवावे लागते. म्हणूनच मनुष्याच्या बाबतीत अभ्यासाचे महत्त्व अधिक.

२००९ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील वैद्यांनी गंध गमावलेल्या रुग्णांसाठी एक साधा उपाय प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, दिवसातून दोनदा, सकाळी व सायंकाळी, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगावयाचे. सर्वांना गुण आला नाही. पण ज्यांनी अभ्यास केला त्यांच्यातील कित्येकांची शक्ती काही अंशी परतली. आमच्या डॉक्टरांनी अक्कांना हाच उपाय सांगितला. सकाळी पूजेनंतर आणि सायंकाळी दिवा लावल्यावर त्या चार लहान बाटल्या पुढे घेऊन बसत. पहिले दोन महिने काहीच कळत नव्हते. "हे म्हणजे विहिरीत हाक मारल्यासारखे आहे," असे त्या म्हणत. पण त्यांनी एकही दिवस चुकविला नाही. सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा भगवान ती तक्रार नाकारीत नाहीत. कठीण आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगतात. अक्कांच्या बाटल्यांकडे पाहताना मला या दुसऱ्या शब्दाचा अर्थ प्रथमच उमगला. बाटली हुंगणे हा अभ्यास होता. आज वास येईल की नाही याची चिंता सोडून ती हुंगणे हे वैराग्य होते.

तिसऱ्या महिन्यात लवंग आली. तीही विकृत, जळक्या रबरासारखी. मग हळूहळू ती शुद्ध झाली. ऑक्टोबरात दिल्लीच्या रस्त्यांवर सातवीण फुलते. तिच्या उग्र वासाने पूर्वी अक्कांचे डोके दुखे. त्या वर्षी एका सायंकाळी त्या फाटकापाशी थांबल्या आणि पुष्कळ वेळ तेथेच उभ्या राहिल्या. सर्व गंध आजही परतलेले नाहीत. चंदन अजून पुसटच येते.

मात्र त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर गंध परतण्यापूर्वीच त्यांना मिळाले होते, आणि ते त्यांनीच मला सांगितले. "आईने लहानपणी शिकविले होते," त्या म्हणाल्या, "हुंगलेले फूल देवाला वाहू नये. पन्नास वर्षे मी न हुंगताच फुले वाहिली. वास माझ्यासाठी नव्हताच की! मी मधल्या मधे त्यावर हक्क सांगत होते." नवव्या अध्यायात भक्तीने वाहिलेले पान, फूल, फळ, पाणी आपण स्वीकारतो असे भगवान सांगतात. वाहणाऱ्याला सुगंध आला पाहिजे, अशी अट तेथे नाही. पूजेतील गोडी पेशींमुळे येत असेलही. अर्पण मात्र गोडी गेल्यावरही करता येते. जे गोडी नसतानाही करता येते, तेच आपले.

गृहस्थाश्रमी वाचकाने यातून काय घ्यावे? आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. चार दिवस परगावी राहून परत आलो की दार उघडताच तो आपल्यालाही क्षणभर येतो, आणि पुन्हा नाहीसा होतो. सदसद्विवेकाचेही असेच आहे. पहिल्यांदा खोटा हिशेब लिहिला तेव्हा हात अडखळला होता. वृद्ध पित्याला पहिल्यांदा उलट बोललो तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. मोलकरणीला शिळे अन्न पहिल्यांदा दिले तेव्हा मान खाली गेली होती. दहाव्या वेळी काहीच वाटले नाही. तेव्हा दुर्गंध कमी झालेला नसतो. आपण सरावलेले असतो. मला तर काही वावगे जाणवत नाही, ही निर्दोषतेची खूण नव्हे; ती कदाचित पूर्ण सरावाची खूण असेल.

याला उपाय एकच: मधूनमधून बाहेर जाऊन परत येणे. प्रातःस्मरण, सायंसंध्या, एकादशी, तीर्थयात्रा, सत्संग, गीतेच्या एका अध्यायाचे पठण, यांकडे या दृष्टीने पाहावे. ही सारी घराबाहेरच्या मोकळ्या हवेत टाकलेली चार पावले आहेत. तेथून परत आल्यावर जो पहिला श्वास घेतला जातो, त्यात आपल्या घराचा, आपल्या व्यवहाराचा आणि आपल्या मनाचा खरा वास येतो. तो क्षण फार थोडा टिकतो. तेवढ्यात जे जाणवेल ते मनात धरून त्याच दिवशी एखादी खिडकी उघडली, एखादी चूक निस्तरली, तर पठणाचे सार्थक झाले. तसे न केले तर सराव पुन्हा आपले काम करील, आणि उद्या त्याच घरात आपल्याला काहीच जाणवणार नाही.

पृथ्वीतील पवित्र गंध मी आहे, असे ज्याने सांगितले, त्याने तो गंध सर्वत्र ठेवला आहे. तो ओळखण्याइतके आपले घ्राण निर्मळ राहो, आणि आपल्या अंगच्या दुर्गंधाला ते कधी न सरावो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.